दंतनाडी आणि दंतमूलाग्राचे शस्त्रकर्म

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, सोळाव्या अध्यायात, एकंदर ६५ मुखरोग सात अधिष्ठानांनुसार सांगितले आहेत. त्यांपैकी १५ व्याधी दंतमूलगत असून त्या यादीच्या अखेरीस पाच दंतनाडींचा निर्देश येतो. वातज, पित्तज, कफज, सन्निपातज आणि शल्यज अशी ही पाच नावे आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेली असतात. पुढे व्यवसायात मात्र शीताद, उपकुश, कृमिदंत ह्यांचाच विचार अधिक होतो आणि दंतनाडी ग्रंथातच राहून जाते. वास्तविक तिचे रुग्ण आपल्याकडे नेहमी येत असतात. हिरडीवर एक लहानशी पुळी आहे, ती मधूनमधून फुटते, थोडा पू येतो, तोंडाला घाण चव येते, दोन-चार दिवसांत ती बसते आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा त्याच जागी उठते, असे ते सांगतात. पू वाहून जात असल्यामुळे वेदना फारशी नसते. म्हणूनच असा रुग्ण दंतवैद्याकडे न जाता आपल्याकडे येतो, किंवा सरळ औषधालयात जाऊन हिरडीला लावण्यासाठी काहीतरी मागतो.

ह्या रुग्णाला आपण बहुधा इरिमेदादि तेल, खदिरादि गुटी, त्रिफळा क्वाथाच्या गुळण्या आणि पोटात एखादा गुग्गुळ कल्प देतो. पुळी बसते. रुग्ण संतुष्ट होतो, आपणही होतो. परंतु पुळी अशीही बसणारच होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. नाडीचे मुख हिरडीवर दिसते, व्याधी मात्र दाताच्या मुळाच्या टोकापाशी, अस्थीच्या आत असते. आणि तेथवर उपचार पोहोचत नाही तोवर मुखावर केलेले कोणतेही कर्म व्याधी बरा करीत नाही. प्रस्तुत लेखात ह्या मूलाग्राची चिकित्सा, विशेषतः त्यावरील शस्त्रकर्म, कसे होते आणि त्यात आपले स्थान कोणते, हे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पू येतो कोठून?

दाताच्या मध्यभागी एक पोकळी असते व तीत रक्तवाहिन्या आणि नाड्यातंतूंनी युक्त असा मृदू गर असतो. रुग्ण त्यालाच ‘दाताची नस’ म्हणतो. कृमिदंतामुळे पोकळी उघडी पडली, किंवा लहानपणी पडून दाताला मार बसला, तर हा गर कुजून मरतो. मृत गर हे जंतूंचे आश्रयस्थान होते. ते जंतू आणि त्यांची विषे मुळाच्या टोकाच्या सूक्ष्म छिद्रातून बाहेर झिरपत राहतात आणि टोकाभोवतीच्या हाडात शोथ उत्पन्न होतो. हळूहळू हाड झिजते, तेथे पू साठतो किंवा ग्रंथी अथवा द्रवाने भरलेली पिशवी तयार होते. साठलेला पू जेथे हाड पातळ असेल तेथून वाट काढतो. हीच नाडी.

ह्या सर्वाच्या मुळाशी जंतूच आहेत, हे निःसंदिग्धपणे दाखवणारा प्रयोग १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड ह्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या दाढांचा गर मुद्दाम उघडा केला. सामान्य उंदरांमध्ये तो कुजला आणि मुळाच्या टोकाशी पू झाला. पूर्णतः निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये मात्र अन्नाचे कण आत जाऊनसुद्धा गर जिवंत राहिला आणि उघड्या भागावर नवा कठीण थर तयार झाला.

आता मुख्य मुद्दा. मेलेल्या गराच्या जागी रक्ताभिसरण उरत नाही. ज्या पोकळीत रक्त जात नाही तेथे रक्तावाटे जाणारे कोणतेही औषध पोहोचत नाही, मग ते प्रतिजैविक असो, गंधक रसायन असो वा त्रिफळा गुग्गुळ. ही औषधे भोवतालच्या ऊतींतील शोथ कमी करतात, म्हणून सूज उतरते व रुग्णाला बरे वाटते. आतला साठा जसाच्या तसा राहतो. दर दोन महिन्यांनी प्रतिजैविकाच्या गोळ्यांची एक पट्टी घेऊन वेळ मारून नेणारे रुग्ण आपण पाहतो, त्याचे कारण हेच. त्यांना आपण हसण्याचे कारण नाही. गुळण्यांवर वर्षभर काढणारा आपला रुग्ण त्याच फेऱ्यात असतो.

ओळखावे कसे

दंतमूलगत व्याधींमध्ये दंतवेष्टातही पू येतो. दोहोंतील भेद चिकित्सेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. दंतवेष्टात पू दात आणि हिरडी ह्यांच्या सांध्यातून येतो, हिरडी दाबली की तो कडेने वर येतो, दात बहुधा हलत असतो आणि एकाहून अधिक दातांशी हीच स्थिती दिसते. मूलाग्रातून आलेल्या नाडीत पुळी हिरडीच्या कडेपासून दूर, मुळाच्या टोकाच्या पातळीवर असते, दात बहुधा घट्ट असतो, आणि तो एकच असतो. त्याला मोठी कीड असते, किंवा त्यावर जुने भरण अथवा टोपी असते, किंवा तो शेजारच्या दातांपेक्षा करडा, निस्तेज दिसतो. दंतदर्पणाच्या मुठीने ओळीने दातांवर हलकेच ठोकले असता रुग्ण नेमका त्याच दाताला ‘हा वेगळा लागतो’ असे म्हणतो. गर मेलेला असल्यामुळे ह्या दाताला थंड पाणी लागत नाही. म्हणून ‘आता ठणका थांबला, दात बरा झाला’ असा रुग्णाचा समज होतो. तो ठणका थांबणे हे बरे झाल्याचे लक्षण नसून गर मेल्याचे आहे. दोन्ही प्रकार एकाच दातात एकत्रही असू शकतात, म्हणून अंतिम निर्णय क्ष-किरण चित्रावर सोडावा.

निश्चितीसाठी त्या एका दाताचे, मुळाच्या टोकासह पूर्ण, असे लहान क्ष-किरण चित्र काढावे लागते. संपूर्ण जबड्याच्या मोठ्या चित्रात पुढच्या दातांचा भाग पुष्कळदा अस्पष्ट येतो. कोणत्या दातातून नाडी निघाली आहे ह्याविषयी शंका असेल तर दंतवैद्य गटापर्चाची एक बारीक लवचिक काडी नाडीच्या मुखातून अलगद आत सरकवतो आणि ती आत असतानाच चित्र काढतो. काडीचे टोक ज्या मुळाशी जाऊन थांबते तो दात दोषी. सुश्रुताचार्यांनी २० शस्त्रांत एषणीची गणना केली आहे व तिचे प्रयोजन गतीचा शोध हेच सांगितले आहे. साधन बदलले, विचार तोच राहिला आहे.

नाडी नेहमी तोंडातच उघडते असे नाही. खालच्या पटाशीच्या दातांची नाडी हनुवटीवर आणि दाढांची नाडी जबड्याच्या खालच्या कडेला त्वचेवर उघडू शकते. अशा रुग्णाला तोंडात काहीच त्रास नसतो. तो ‘हनुवटीवर बरे न होणारे गळू’ म्हणून त्वचारोगाचे उपचार घेत राहतो. गळू कापले जाते, पुन्हा येते, पुन्हा कापले जाते. हनुवटी, गाल किंवा जबड्याच्या कडेवर एकाच जागी वारंवार फुटणारी, तळाशी हाडाला ओढल्यासारखी खळगी असणारी पुळी दिसली की तोंड उघडून दात पाहावेत आणि एक क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. हे एवढे केले तरी रुग्णाच्या चेहऱ्यावरचे कितीतरी व्रण टळतील.

ह्याच संदर्भात उपनाह-स्वेदाविषयी सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. व्रणशोथात पाचनासाठी पोटीस बांधण्याचा आपला परिपाठ आहे व अन्यत्र तो योग्यही आहे. दाताच्या शोथात मात्र गालावर बाहेरून शेक किंवा पोटीस दिल्यास पू त्वचेकडे वाट करण्याचा धोका असतो. शेक द्यायचाच तर तो कोमट पाण्याच्या गुळण्यांनी, तोंडाच्या आतून द्यावा.

प्राचीन मत आणि त्याची मर्यादा

चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायात दंतनाडीची चिकित्सा आली आहे. तिचा आशय असा की सामान्य नाडीव्रणाप्रमाणे उपचार करावेतच, परंतु ज्या दाताशी नाडी उत्पन्न झाली आहे तो दात मांस छेदून काढून टाकावा, जागा शुद्ध करून क्षाराने किंवा अग्नीने दग्ध करावी. उपेक्षा केल्यास ती गती हनूच्या अस्थीचा भेद करते. तोंड धुण्यासाठी जाती, मदन, खदिर इत्यादींचा क्वाथ सांगितला आहे. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. नाडी हिरडीवर असली तरी शस्त्र दातावर चालवायचे आहे, म्हणजे उगमस्थान ओळखलेले आहे. आणि अस्थिभेदाचा इशारा देऊन कालमर्यादाही सुचवलेली आहे.

ह्यावरून सुश्रुताचार्यांना आजचे मूलाग्र-शस्त्रकर्म ज्ञात होते असे कोणी म्हणू लागल्यास आम्ही सहमत होणार नाही. तेथे संपूर्ण दात काढण्याचा आदेश आहे. मुळाचे फक्त टोक कापून दात राखणे हे मुळाच्या आत काय चालले आहे ते दिसू लागल्यानंतरच शक्य झाले, आणि क्ष-किरणांचा शोध १८९५ चा आहे. वाग्भटाचार्यांनी कृमिदंताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून तप्त शलाकेने दग्ध करण्यास सांगितले आहे. त्यामागे दात राखून वेदना शमवण्याचा हेतू स्पष्ट दिसतो, पण तो उपचार पोकळीच्या मुखापाशी थांबतो. आदर ठेवण्यासाठी अतिशयोक्तीची गरज नाही.

वरच्या दाताविषयीचा निषेध मात्र आजही अडचण निर्माण करतो. वरचा दात, तो हलत असला तरी, काढू नये, कारण अतिरक्तस्रावामुळे अंधत्व, अर्दित असे घोर उपद्रव होतात, असे तेथे म्हटले आहे. ‘वरचा दात काढला की डोळा जातो’ ही आपल्याकडील गावोगावची समजूत ह्याच धारणेशी जुळणारी आहे. बधिरीकरण नसताना, रक्तस्तंभनाची साधने तुटपुंजी असताना, घट्ट मुळाचा दात उपटण्यातील धोका पाहून हा निषेध सांगितला गेला असावा, असे आमचे मत आहे. आज वरचे दात रोज काढले जातात आणि त्यामुळे दृष्टी जात नाही. उलट वरच्या सुळ्याचा किंवा दाढेचा पू तसाच ठेवला तर तो डोळ्याभोवती आणि क्वचित शिरांवाटे कवटीच्या आत पसरू शकतो. म्हणजे डोळ्याला भय आहे ते दात काढण्याने नव्हे, न काढण्याने. रुग्णाला हा निषेध सांगून परावृत्त करणारे वैद्य अद्याप आहेत, हे दुर्दैवाने खरे आहे.

एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. नाडीव्रणात क्षारसूत्राचा इतका उत्तम उपयोग होतो, तर दंतनाडीत का होऊ नये? सुश्रुताने वर्णिलेल्या आणि चक्रदत्ताने स्नुहीक्षीर व हरिद्रा ह्यांनी सिद्ध करण्याची कृती दिलेल्या ह्या सूत्राचे बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुनरुज्जीवन केले, हे सर्वविदित आहे. भगंदरात सूत्र यशस्वी होते ते एका मुखातून आत जाऊन दुसऱ्या मुखातून बाहेर येते म्हणून, आणि गुदातील आतले मुख, म्हणजे उगमच, त्याच्या कक्षेत येतो म्हणून. दंतनाडीचे आतले टोक हाडात, मुळाच्या अग्रापाशी बंद असते. तेथून सूत्र ओवून बाहेर काढण्याची सोय नाही. शिवाय उगम मुळाच्या पोकळीत आहे, मार्गात नाही. मार्ग कितीही शुद्ध केला तरी झरा चालूच राहणार. याउलट उगम नष्ट झाला की मार्गाला हात न लावताही तो साधारणपणे काही दिवसांत आपोआप मिटतो. दंतवैद्य नाडीचा मार्ग कापून काढीत नाहीत ते ह्यामुळेच.

आधी मूळनलिका, मग शस्त्र

नाडी दिसली की लगेच शस्त्रकर्म, असे नाही. प्रथम उपचार मूळनलिकेचा, ज्याला आपण सर्वजण रूट कॅनॉल म्हणतो. दातात वरून छिद्र पाडून मेलेला गर काढतात, नलिका सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुतात, बारीक सुयांनी तासून रुंद करतात आणि गटापर्चाने बंद करतात. जंतूंचा प्रादुर्भाव अधिक असेल तर मधल्या काळात नलिकेत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप भरतात. हा पदार्थ १९२० मध्ये जर्मनीतील हर्मन ह्यांनी दंतचिकित्सेत आणला. त्याचा सामू सुमारे १२.५, म्हणजे तो तीव्र क्षार आहे, आणि त्याचे कार्य ह्या क्षारतेवरच अवलंबून असते. सुश्रुताच्या क्षारपाकात शंखनाभीसारखी चुनखडीयुक्त द्रव्ये भाजून घालण्यास सांगितले आहे; त्यापासूनही कळीचा चुनाच तयार होतो. दोन्ही पदार्थ एकच नव्हेत, पण नाडीचे स्थान क्षाराने शुद्ध करण्याची कल्पना आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही.

बहुसंख्य रुग्ण येथेच बरे होतात. काहींत नाडी राहते किंवा वर्षा-दोन वर्षांनी परत येते. कारणे अनेक आहेत. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात पुष्कळदा दोन नलिका असतात व दुसरी सापडलेलीच नसते. मुळाच्या शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये नलिकेला झाडाच्या मुळांसारखे बारीक फाटे फुटतात व त्यांत सुई जात नाही. कधी सुईचा तुकडा आत मोडून राहतो, कधी भरण टोकाबाहेर जाते. अशा नाडीला शल्यज म्हणता येईल काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आमच्या मते तसे म्हणणे फारसे चूक होणार नाही. अशा वेळी शक्य असेल तर रूट कॅनॉल उघडून पुन्हा करणे हाच पहिला पर्याय. मुळात घट्ट खिळा बसवून वर टोपी केलेली असेल आणि ती काढताना मूळ तडकण्याचे भय असेल, किंवा दुसऱ्यांदा करूनही उपयोग झाला नसेल, तेव्हा वरून न जाता खालून, म्हणजे मुळाच्या टोकाकडून, जावे लागते. ह्यालाच एपिकोएक्टॉमी म्हणतात. आपल्याकडील दंतवैद्य बोलताना त्याला एपिसेक्टॉमी असेही म्हणतात.

शस्त्रकर्माचे स्वरूप

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रेस्लाऊ येथील शल्यचिकित्सक कार्ल पार्श ह्यांनी हे कर्म रूढ केले. जागा बधिर करण्यासाठी अॅड्रेनलीनयुक्त लिग्नोकेनची सुई देतात; अॅड्रेनलीनमुळे रक्तस्राव कमी होतो, आणि ह्या कर्मात रक्ताने जागा भरली की काहीच दिसत नसल्याने तेच अर्धे यश असते. हिरडी कापून अस्थ्यावरणासह उचलली जाते. मुळाच्या टोकाच्या जागी हाडाला बारीक खिडकी पाडतात. पुवाने हाड आधीच खाल्ले असेल तर ती आयतीच मिळते. टोकाभोवतीची रुग्ण ऊती खरवडून काढतात व ती सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी पाठवतात. हे लेखन कर्मच होय. मग मुळाचे टोक सुमारे तीन मिलिमीटर कापून टाकतात. तीनच का, ह्याचे उत्तर वर आले आहे: सूक्ष्म फाटे बहुतांशी त्याच भागात असतात.

केवळ टोक कापून भागत नाही. कापलेल्या पृष्ठभागावर नलिकेचे तोंड उघडे असते व आतले जंतू तेथून पुन्हा झिरपू शकतात. म्हणून त्या तोंडातून उलट दिशेने तीन मिलिमीटर खोल पोकळी कोरून ती बंद करतात. हा भाग आम्हांला ह्या संपूर्ण कर्माचे मर्म वाटतो. पूर्वी त्यासाठी चांदी-पाऱ्याचे मिश्रण वापरत. ते कालांतराने गळके होई आणि हिरडीवर काळा डाग पडे. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी एमटीए हा पदार्थ पुढे आणला. त्याचा मुख्य घटक घरबांधणीतल्या पोर्टलंड सिमेंटच्या जातीचा असून क्ष-किरण चित्रात दिसावा म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घालतात. तो ओल्या जागेत घट्ट होतो, तीव्र क्षारीय असतो आणि त्याच्यालगत नवे ऊतक धरते. त्यानंतर त्याच जातीचे आणखी पदार्थ आले आहेत.

दुसरा बदल सूक्ष्मदर्शकाचा. १९९० च्या दशकात शस्त्रकर्मासाठीचा सूक्ष्मदर्शक आणि श्राव्यातीत कंपनांवर चालणारी वाकडी, बारीक टोके वापरात आली. पूर्वी पोकळी कोरता यावी म्हणून मूळ ४५ अंशांत तिरके कापावे लागे व त्यात निरोगी भाग वाया जाई. आता ते जवळजवळ काटकोनात कापता येते. निळ्या रंगाचा एक थेंब लावून मुळावरची केसाएवढी तडाही पाहता येते. फरक किती पडला? सेट्झर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तोवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात जुन्या पद्धतीत यशाचे प्रमाण सुमारे ५९ टक्के आणि सूक्ष्मशल्य पद्धतीत सुमारे ९४ टक्के आढळले. ‘शेजाऱ्याने दहा-पंधरा हजार घालवून ते ऑपरेशन केले, तरी दात गेलाच’ असे रुग्ण सांगतो तेव्हा त्याच्या शेजाऱ्याचे कर्म कोणत्या पद्धतीने झाले होते, हे विचारण्याजोगे असते. तालुक्याच्या ठिकाणी सूक्ष्मदर्शक सहसा नसतो. दंत महाविद्यालयातील मूळनलिका-उपचार विभागात चौकशी करावी, असा सल्ला रुग्णाला देता येतो.

मूळ उभे चिरलेले असेल तर मात्र ह्यांपैकी काही उपयोगाचे नाही. तो दात काढलाच पाहिजे. भग्न मुळाचा दात समूळ काढावा हे सुश्रुतमत येथे अक्षरशः लागू पडते. आधारास हाड अत्यल्प उरले असेल तेव्हाही तोच मार्ग. खालच्या उपदाढांच्या मुळांजवळून ओठाला संवेदना देणारी नाडी जाते आणि वरच्या दाढांची मुळे नाकालगतच्या अस्थिविवराला भिडलेली असतात, म्हणून तेथे शस्त्रकर्म करावे की दात काढावा, ह्याचा निर्णय त्या शस्त्रकर्माचा अनुभव असलेल्यानेच घ्यावा.

हे कर्म कोणी करावे ह्याविषयी संभ्रम नको. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने प्रसिद्ध केलेल्या अधिसूचनेत शल्याची ३९ आणि शालाक्याची १९ अशी ५८ कर्मे नमूद झाली व त्यावरून मोठा वाद झाला. ती त्या विषयांतील पदव्युत्तर शिक्षणापुरती आहे. सामान्य व्यवसाय करणाऱ्या पदवीधर वैद्याने तिच्या आधाराने हिरडीवर शस्त्र चालवू नये. पुळी सुईने फोडून देणे हेही त्यातच आले.

वैद्य आणि औषधालय ह्यांचे काम

रुग्णाला पाठवताना आपण चिठ्ठीत लिहिलेल्या चार ओळी अतिशय मोलाच्या ठरतात. मधुमेह आहे काय व साखर आटोक्यात आहे काय; अॅस्पिरिन, वॉर्फेरिन ह्यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय; हृदयात कृत्रिम झडप आहे काय, कारण अशा रुग्णाला कर्मापूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते; आणि अस्थिक्षयासाठी बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषध घेतले आहे काय, कारण त्यांच्या जबड्याचे हाड शस्त्रकर्मानंतर भरून न येण्याचा धोका असतो. ह्या गोष्टी रुग्ण दंतवैद्याला सांगत नाही. वर्षानुवर्षे ज्याच्याकडे येतो त्या वैद्याला त्या ठाऊक असतात. आपण देत असलेल्या कल्पांची नावेही लिहावीत.

औषधालयांच्या चालकांना लवंग तेलाविषयी सांगणे आवश्यक वाटते. दुखऱ्या दाताच्या पोकळीत कापसाच्या बोळ्याने ठेवलेला एक थेंब वेदना शमवतो ह्यात शंका नाही. परंतु ग्राहक ते हिरडीवर चोळतो आणि हिरडी भाजते. शिवाय त्यातील युजेनॉल दाताच्या रंगाच्या राळयुक्त भरणाला घट्ट होऊ देत नाही, म्हणून दंतवैद्याकडे जाण्याच्या दिवशी ते लावू नये. दुसरी गोष्ट मिश्रीची. दात दुखू लागला की मिश्री लावण्याची सवय आपल्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, अद्याप आहे. १९९२ मध्ये दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास बंदी झाली, घरी भाजलेल्या मिश्रीला ती कशी लागू होणार? शस्त्रकर्मानंतर तंबाखूचे कोणतेही रूप जखम भरू देत नाही, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. आणि जो ग्राहक तिसऱ्यांदा हिरडीच्या पुळीचे औषध मागतो, त्याला चौथी बाटली न देता दातांचे चित्र काढण्यास सांगावे. बाटलीचा नफा बुडेल तो बुडो.

काही लक्षणे दिसली तर मात्र चिठ्ठीतही वेळ घालवू नये. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना फळीसारखी कठीण सूज, जीभ वर उचलली जाणे, गिळता न येणे, आवाज बदलणे, तोंड न उघडणे, ताप, किंवा डोळ्याची पापणी सुजून बंद होणे, ह्यांपैकी काही असेल तर रुग्ण त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात गेला पाहिजे. खालच्या दाढांतून पसरणाऱ्या ह्या सुजेचे वर्णन १८३६ मध्ये जर्मनीतील लुडविग ह्यांनी केले. तीत श्वासमार्ग काही तासांत बंद होऊ शकतो. मधुमेही रुग्णात विशेष सावध असावे. सूज आम आहे की पक्व, ह्याचा विचार करीत बसण्याची ती वेळ नव्हे.

शस्त्रकर्मानंतरच्या काळात आपला सहभाग पुष्कळ असू शकतो. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फाचा शेक थांबून थांबून द्यावा आणि गुळण्या अजिबात करू नयेत, कारण साकळलेले रक्त निघून जाते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी तोंडात धरून हळूच सोडावे. चूळ खळखळून भरू नये. दंतवैद्याने दिलेला मुखधावनाचा द्रव चालू असेल तोवर आपला क्वाथ त्याच्या जागी देऊ नये. टाके साधारणपणे दोन ते पाच दिवसांत निघतात. ते निघाल्यावर यष्टीमधु किंवा त्रिफळा ह्यांचा गाळलेला, थंड केलेला क्वाथ कवलासाठी देण्यास हरकत नाही. तेलाचा गंडूष, मंजन चोळणे आणि तुरटी ही जखम पूर्ण मिटेपर्यंत वर्ज्य. आहार मृदू व कोमट असावा: मऊ भात, मुगाचे वरण, पेज, दूध, तूप. भाकरी, चिवडा, शेंगदाणे आणि ओठ वर उचलून आरशात टाके पाहणे, ही चारही टाळावीत. शेवटच्या गोष्टीने टाके तुटल्याची उदाहरणे दंतवैद्य नेहमी सांगतात.

हिरडी आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येते, हाड मात्र अनेक महिने घेते. सहा महिन्यांनी आणि एक वर्षाने क्ष-किरण चित्र काढून मुळाच्या टोकाशी असलेली काळी छाया कमी होत आहे काय, हे पाहावे लागते. वेदना नाही, पुळी नाही, म्हणून रुग्ण ह्या तपासणीला बहुधा जात नाही. तो दुसऱ्या कोणत्याही कारणाने आपल्याकडे आला की त्याला तारीख विचारून पाठवणे, हे काम आपण करावे.